धुक्याचे दिवे आणि टायरगाडीवरची माणसे

दिवाळी सरली की पाटोदा तालुक्यातील वाड्या-वस्त्या अर्ध्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेले कोयते ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे. जे ऊसतोडीला जात नाहीत त्यांच्याही प्रवासाचे दिवस नेमके हेच. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटवर. तिन्ही तारखा थंडीच्या आणि बहुतेकांचा प्रवास रात्रीचा. म्हणजे कामाला निघालेली आणि अभिवादनाला निघालेली, दोन्हीकडची आपली माणसे धुक्याच्या महिन्यांतच रस्त्यावर असतात. म्हणून कुटुंबाच्या या पानावर आज आम्ही गाडीच्या दिव्यांबद्दल लिहीत आहोत. हा विषय ड्रायव्हरांचा, घरातल्या बायामाणसांना त्याचे काय, असे कुणी म्हणेल. पण जीप भाड्याने ठरवताना पैसे सगळ्यांनी मिळून भरलेले असतात आणि मागच्या सीटवर लेकरे आपलीच असतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या नात्यातील एका पोराने नवी-जुनी जीप घेतली. ३१ डिसेंबरच्या रात्री वस्तीतली माणसे घेऊन कोरेगावला निघायचे म्हणून त्याने हौसेने तिला दिवे चढवले. बंपरच्या वर दोन गोल दिवे, टपावर एक लांबलचक पांढरी एलईडी पट्टी. "मामा, आता धुकं आलं तरी काय फिकीर नाही," असे तो आम्हाला म्हणाला. आम्हीही कौतुकच केले, हे कबूल करतो.

रात्री एकच्या सुमारास पाटोदा सोडले. सौताड्याचा घाट उतरलो, जामखेड मागे टाकले, श्रीगोंद्याच्या रस्त्याला लागलो. तो सगळा भाग कालव्याच्या पाण्याचा, दोन्ही बाजूंना ऊस. ओली जमीन, निरभ्र आकाश, वारा नाही. अशा रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतच्या हवेतील वाफ गारठते आणि तिचे बारीक बारीक थेंब होतात. तेच धुके. पहाटे ते सर्वांत दाट असते. आम्हाला ते श्रीगोंदा ओलांडल्यावर लागले. पोराने एकेक करत सगळी बटणे दाबली. आणि समोर रस्ता दिसायचा तो दिसेनासाच झाला. चुन्याने पांढरी केलेली भिंतच जणू काचेपुढे उभी राहिली.

त्या भिंतीतून बैलांच्या गळ्यातली घुंगरे ऐकू आली. उसाने भरलेल्या टायरगाड्यांची रांग समोरून येत होती. पुढच्या गाडीचे बैल झोत डोळ्यांवर येताच बुजले, रस्ता सोडून खाली उतरले, एक बैल गुडघ्यावर आला आणि गाडी चरात कलली. उसाच्या मोळ्या घसरल्या. वर एक बाई तान्हे लेकरू पोटाशी धरून बसली होती. ती मोळ्यांबरोबर खाली आली. लेकराला काही झाले नाही, बाईचा हात मुरगळला. आम्ही सगळे उतरलो, मोळ्या उचलल्या, बैलाला उभे केले. गाडीवाल्याचा आवाज ऐकून विचारले, "कुठले हो तुम्ही?" तर म्हणाला, "शिरूर कासारकडचे." आमच्या शेजारच्या तालुक्याचा माणूस. चिडला नव्हता. एवढेच म्हणाला, "दादा, तुमच्या लाईटीनं मला बैलंबी दिसनात अन् रस्ताबी दिसना. तुम्हाला तरी दिसत व्हतं का?"

पोराला उत्तर देता आले नाही, कारण त्यालाही दिसत नव्हते.

आमच्या जीपमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते, उमेदीत ट्रक चालवलेले. त्यांनी पोराला सांगितले, "वरचे सगळे बंद कर. खालचे पिवळे दोन आन् डिपर, बास." आणि रस्ता दिसला. फार नाही, पण डांबराची डावी कड, तिच्यावरचा पांढरा पट्टा आणि पुढचे वीस-पंचवीस पावलांचे अंतर स्वच्छ दिसले.

असे का होते? चुलीच्या धुराने भरलेल्या घरात बॅटरी डोळ्यांजवळ धरून बघा. उजेड धुरावर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो. तीच बॅटरी गुडघ्याजवळ धरून जमिनीकडे वळवा, पायाखालचे दिसू लागते. धुक्याच्या दिव्याचे सगळे शहाणपण एवढेच आहे. तो खाली बसवायचा, त्याचा झोत आडवा, रुंद आणि वरून कापल्यासारखा सपाट असतो, आणि तो डोळ्यांच्या रेषेच्या खालून रस्त्यावर पडतो. अप्पर मारला किंवा टपावरची पट्टी लावली की उजेड नेमका आपण जिथून बघतो त्याच उंचीवरून थेंबांवर आदळतो.

पिवळ्या रंगाविषयी आपल्या लोकांत मोठी समजूत आहे की तो धुके कापतो. तसे नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा पुष्कळ मोठे असतात, त्यामुळे पांढरा काय नि पिवळा काय, दोन्ही सारखेच विखुरतात. पिवळ्याने डोळ्यांना तिरीप कमी वाटते, इतकाच त्याचा गुण. फ्रान्समध्ये १९३६ पासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळेच हेडलाइट असावेत असा कायदा होता, पुढे तो गेला. तेव्हा पिवळा घ्या, पांढरा घ्या, पण धुक्याचाच दिवा घ्या. दुकानात फॉगलॅम्प या नावाखाली जे पुष्कळ विकले जाते ते लांब फेकणारे फोकस असतात, त्यांचा इथे उपयोग नाही. तसेच हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात एलईडीचा बल्ब खुपसला तर झोताची सपाट कड मोडते आणि उजेड सैरावैरा पळतो. हेही काम रस्तोरस्ती चालते.

कायद्याचे दोन शब्द. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १११ व्या नियमाप्रमाणे गाडीच्या समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई आहे, अपवादाला आधी परवानगी लागते. गाडीच्या मूळ तपशिलात मनाने बदल करू नये, असे १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ सांगते. म्हणून बंपरमध्ये कंपनीने फॉगलॅम्पसाठी जागा ठेवली असेल तर तिथे त्याच गाडीचे दिवे बसवणे हा बिनधोक मार्ग. शंका असली तर एमएच २३ च्या गाडीवाल्यांनी बीडच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारावे, दंड भरून विचारण्यापेक्षा ते बरे.

आता गॅरेजमधले काम. ते कसे व्हावे हे मालकाला ठाऊक पाहिजे, नाहीतर मिस्त्री घाईत दोन वायरी बॅटरीला पिळून मोकळा होतो. दिवे जोडीने बसवावेत, दोन्ही एका उंचीवर, हेडलाइटच्या खाली आणि जमिनीपासून निदान पाव मीटर वर. साधारण ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ते नऊ अँपिअरपेक्षा थोडा जास्त करंट ओढतात. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या बारक्या बटणातून नेला तर बटण जळते. म्हणून मध्ये रिले लागतो. रिलेवर आकडे कोरलेले असतात : ३० ला बॅटरीकडून येणारी जाड वायर, ८७ वरून दिव्यांकडे, ८५ अर्थिंगला आणि ८६ ला बटणाकडून येणारी बारीक वायर. जाड वायर अडीच चौरस मिलिमीटरची असावी. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. तो लांब बसवला तर बॅटरी ते फ्यूज एवढी वायर उघड्या जिवाची राहते, आणि ती पत्र्याला घासली की आग. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबराचे कडे बसवायला सांगा. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते, तिथे बल्ब आणि रिले दोन्ही २४ चेच हवेत. बटणाची वायर पार्किंग लाइटवरून घेतली की गाडी उभी करून दिवे बंद केले म्हणजे फॉगही आपोआप बंद होतो. पण बटण वेगळेच पाहिजे. हेडलाइटबरोबर फॉग कायम जोडून टाकणे ही शुद्ध आळशी सवय.

दिवा कुठे पडतो ते बघितल्याशिवाय गॅरेज सोडू नये. सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा वीतभर खाली दिसली पाहिजे. आणि ही पाहणी रिकाम्या गाडीवर करू नका, हे आम्ही मुद्दाम सांगतो. मागे दहा माणसे, त्यांच्या वळकट्या, टपावर सामान चढले की गाडीची शेपटी खाली जाते, नाक वर होते आणि गॅरेजमध्ये नीट लावलेला दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आमच्या जीपचे त्या पहाटे तेही झाले होते.

वापराचे म्हणाल तर नियम सोपा आहे. धुके असेल तेव्हा लावावा, धुके सरले की त्याच क्षणी बंद करावा. हवामानशास्त्रात १ किलोमीटरपेक्षा कमी दिसू लागले की धुके म्हणतात, पण तेवढ्याने दिवे लावायची गरज नसते. इंग्लंडमध्ये १०० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर फॉग लावा असे सांगतात. १०० मीटर म्हणजे नऊ एसटी बसेस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढे अंतर. काही गाड्यांना मागेही एक तांबडा जळजळीत दिवा असतो. जर्मनीत तो ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तरच लावता येतो, आणि एवढे कमी दिसत असताना तिथे ताशी ५० च्या वर गाडी नेता येत नाही. मागचा दिवा एकच असेल तर आपल्याकडे तो उजव्या अंगाला हवा आणि ब्रेकलाइटपासून सुटा, म्हणजे ब्रेक दाबल्याचे मागच्याला वेगळे कळते. मागची गाडी जवळ आली, तिने आपल्याला पाहिले, की तो बंद करावा. तिच्या ड्रायव्हरला तासभर तांबडी तिरीप कशाला?

चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाणारे पुष्कळ भेटतात. त्याने वळायचे आहे की थांबायचे, हे कुणालाच कळत नाही.

दिवे आहेत म्हणून वेग वाढवू नये. ताशी ६० ने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तो सेकंद गेलेला असतो, आणि ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी पंचवीस-तीस मीटर लागतात, भरलेल्या गाडीला जास्तच. वीस मीटर दिसत असताना ६० ने जाणे म्हणजे डोळे मिटून जाणे. भरलेल्या जीपमध्ये श्वासानेच काचा आतून धुरकट होतात, आणि ड्रायव्हर ते बाहेरचे धुके समजतो. एक फडके जवळ ठेवा, खिडकी बोटभर उघडी ठेवा, घुंगरेही ऐकू येतील. आणि फारच दाटले तर डांबरावर किंवा कडेला न थांबता धाब्यावर, पंपावर गाडी लावून चहा घ्या. ऊन चढले की बहुतेक धुके आपोआप उठते. अभिवादनाची रांग दुपारीही असते.

आता टायरगाडीच्या बाजूने. तिला दिवा नाही, बॅटरी नाही. दांडीला कंदील टांगला तर टांगला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, आणि मागे काहीच चमकत नाही. हंगामात आरटीओ आणि कारखाने रेडियमच्या पट्ट्या लावण्याच्या मोहिमा घेतात, पण चिखलाने पट्टी झाकली जाते, वाढे लोंबले की दिसत नाही. ज्यांची माणसे गाडीवर आहेत त्या घरांनी एवढे करावे : जाताना सामानात तांबड्या रेडियमचे एक बंडल टाकावे. पट्टी गाडीच्या साट्याला मागे, दोन्ही टोकांना लावावी, म्हणजे रुंदी कळते. रोज संध्याकाळी फडक्याने पुसावी. बैलांच्या शिंगांना गुंडाळली तर समोरून येणाऱ्यालाही दिसते. ही पट्टी आलेला उजेड आला तिकडेच परत पाठवते, म्हणून तिला डिपरचा मंद उजेडही पुरतो. तिच्यासाठी कुणी अप्पर मारायची गरज नाही.

आमच्या त्या पोराने कोरेगावहून आल्यावर टपावरची पट्टी उतरवून ठेवली. बंपरवरचे दोन दिवे हेडलाइटच्या खाली घेतले, बटण वेगळे केले. पुढच्या १ जानेवारीला रात्री एकऐवजी आदल्या दिवशी दुपारीच निघालो, तर श्रीगोंद्याच्या त्याच रस्त्यावर संध्याकाळी पुन्हा टायरगाड्या भेटल्या. त्याने जीप कडेला घेतली, डिकीतून रेडियमचे बंडल आणि कात्री काढली आणि आमच्या पोरांना हाताशी घेऊन एकेका गाडीच्या मागे पट्ट्या चिकटवल्या. गाडीवाले आधी बिचकले, मग बैल धरून उभे राहिले. सहा गाड्या झाल्या. सातव्या गाडीला बंडल संपले, म्हणून तिला रांगेच्या मधोमध घेऊन ते पुढे गेले.