दुसरा स्वर धरताना

आषाढी वारीत तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम बारामतीस व पुढे इंदापुरास असतो. त्या वेळी दिंडीचे गायन लक्षपूर्वक ऐकल्यास असे आढळते की, टाळकऱ्यांच्या दोन रांगा परस्परांना साद-प्रतिसाद देत असल्या, तरी चाल एकच. फार तर सप्तकाचे अंतर. येथील विभागणी कालाची आहे, स्वराची नव्हे. गोमंतकातील मांडो मात्र दोन आवाजांत गायिला जातो.

दिंडीत घडलेल्या कानास असा दुसरा स्वर शिकविताना अडचण पडते ती येथेच. शेजारी मूळ चाल म्हणू लागला, की विद्यार्थी नकळत तिच्याकडे ओढला जातो. अशा वेळी कान झाकून घेण्याचा सल्ला देतात. आमच्या मते तो घातक होय, कारण जे ऐकावयाचे तेच त्याने बंद होते. त्यापेक्षा तंबोऱ्याजवळ बसावे. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार आधी ओळखावा, मग हलकेच गावा; सोबत्याने षड्ज धरावा. या दोहोंचे प्रमाण ५:४ आहे. पेटीचा गंधार याहून किंचित चढा असतो. म्हणून ती दूर ठेवावी.

पुढे सोबत्याने सा-रे-ग म्हणावे, विद्यार्थ्याने ग-म-प. यांत सा-ग हे अंतर मोठे, रे-म व ग-प ही लहान. अर्थात दुसरी ओळ म्हणजे मूळ चालीची वर सरकविलेली प्रत नव्हे. ती स्वतंत्र चाल म्हणूनच पाठ करावी लागते. ती पाठ झाल्यावर दोन्ही पक्ष टाळकऱ्यांप्रमाणे समोरासमोर उभे करावेत. समोरच्या रांगेकडे कान ठेवूनही आपला चरण न चुकविण्याची सवय या भागातील गायकास असतेच.