पानशेतच्या वाटेवर: उभयतांची एक ओली सफर

चार वडीलधाऱ्या माणसांच्या घरांत राहणाऱ्या पतिपत्नींनीं वर्षांतून एखादा दिवस केवळ एकमेकांच्या सोबतीसाठीं राखून ठेवावा कीं नाहीं, या प्रश्नावर आपल्याकडे मोकळेपणानें बोलणें होत नाहीं. लग्नकार्यें, मुंजी, पाहुणेरावळे आणि मुलांच्या परीक्षा यांच्या रगाड्यांत उभयतांचें बोलणें भाजीचा हिशेब आणि दुधाचें बिल यांच्यापलीकडे जात नाहीं, हें मात्र प्रत्येक घर जाणतें. यावर खर्चाचा उपाय हवाच असें नाहीं. पुणेंकरांस तर दोन सायकली, एक डबा आणि आषाढांतील एक दिवस एवढी सामग्री पुरे. खडकवासल्यावरून पानशेतास जाणारा रस्ता शहरापासून सुमारें 40 किलोमीटरांचा आहे. तो बराचसा जलाशयाच्या कांठाकांठानें जातो, आणि ज्या पाण्यावर आपला संसार चालतो तें पाणी येतें कोठून हें तो वाटेंतच दाखवितो.

यंदा आम्हीं उभयतांनीं ही सफर केली. घरांत प्रथम थोडी कुरकुर झाली. पावसांत सायकलीवर जाण्याचें हें काय वेड, हा वडील मंडळींचा प्रश्न गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं. परंतु सायंकाळीं दिवेलागणीपूर्वीं परत येण्याचें वचन दिल्यावर दशम्या, दाण्याची चटणी आणि मेथांबा यांचा डबा सासूबाईंनींच बांधून दिला. रविवारीं खडकवासल्यास मुंगीस पाय ठेवण्यास जागा नसते, म्हणून आठवड्याच्या मधला वार निवडला आणि उजाडतांच निघालों.

खडकवासल्याचें दगडी धरण बांधलें गेलें तें 1870 च्या दशकांत. कर्नल फाईफ या इंजिनियराच्या नांवावरून त्या जलाशयास इंग्रजींत ‘लेक फाईफ’ म्हणत. पुढें 1903 मध्यें मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं आपण योजिलेले स्वयंचलित दरवाजे येथेंच प्रथम बसविले. भिंतीची उंची न वाढवितां पाणी अधिक सांठवावयाचें आणि तें ठराविक पातळीच्या वर गेलें कीं दरवाजे आपोआप उघडावयाचे, अशी ती युक्ति होती. आज हा जलाशय मोठा भासतो खरा, पण हिशेबांत तो सर्वांत धाकटा आहे. त्याची सांठवण 1.97 टीएमसी, म्हणजे दोन अब्ज घनफुटांहून किंचित् कमी. वरच्या बाजूचें टेमघर 3.71, पानशेत 10.65 आणि वरसगांव 12.82 टीएमसी. चारींची बेरीज 29.15 होते. थोरल्या भावंडांनीं पाणी राखावयाचें आणि धाकट्यानें तें कालव्यांत व शहराच्या नळांत वांटावयाचें, अशी ही एकत्र कुटुंबाचीच व्यवस्था म्हणावयाची.

धरण मागें टाकल्यावर रस्ता पाण्याच्या दक्षिण कांठानें चालूं लागतो. डाव्या हातास एरव्ही सिंहगड दिसतो. त्या दिवशीं त्याच्या जागीं नुसता ढग होता. डोणज्याजवळ गडाकडे एक फांटा फुटतो. पावसाची सर इतकी दाट होती कीं पुढची सायकल मागच्यास दिसेना, आणि दोन्ही सायकली गडाच्या रस्त्यास लागल्या. वाटेंत भेटलेल्या एका दूधवाल्यानें विचारलें, “पानशेतला निघाला काय? मग पाणी उजव्या हाताला पाहिजे, दादा.” हा एवढा मंत्र पुढें दिवसभर उपयोगी पडला. खानापूरजवळ दुसरा फांटा पाबे घाट चढून वेल्ह्याकडे जातो. मोबाईल पावसांत काढावा अशी सोय नव्हती आणि तेथील पाटी वेलींनीं झांकलेली होती. चढ लागला, दम लागला, आणि उजव्या हाताचें पाणी नाहींसें झालें, तेव्हां दूधवाल्याचे शब्द आठवले व सायकली मागें फिरविल्या. त्या चुकल्या वाटेनें एक दृश्य मात्र पदरांत टाकलें. खालच्या खाचरांत भातलावणी चालली होती. डोक्यावर इरलीं घेतलेल्या बाया वांकून ओळीनें मागें मागें सरकत होत्या, आणि त्यांचीं गाणीं पावसाच्या आवाजांतूनहि वर येत होतीं.

ओल्या रस्त्यावरील सायकलीविषयीं चार शब्द येथेंच सांगून ठेवतों. चाकाच्या कडेवर दाबणारे ब्रेक असले तर ती कड भिजल्यावर ते लगेच धरत नाहींत. चाकाचे पहिले कांहीं फेरे नुसतें पाणी पुसण्यांत जातात. म्हणून उतारावर ते आधींपासून हलकेच दाबीत राहावे आणि दोन सायकलींत चांगलें अंतर ठेवावें. रस्त्यावर रंगविलेले पांढरे पट्टे व पुलांवरील लोखंडी सांधे पावसांत निसरडे होतात. त्यांवरून जातांना वळूं नये. डबकें दिसलें तर त्यांत खड्डा आहे असेंच समजावें. घरीं परतल्यावर साखळी कोरडी पुसून तेल द्यावें, नाहींतर दुसऱ्या दिवशीं ती तांबडी पडते. आणि उभयतांसाठीं मुख्य नियम असा कीं, ज्याची चाल संथ त्यानें पुढें असावें. जलद चालणारा पुढें गेला कीं मागच्याचा दिवस केवळ पाठलागांत जातो, आणि सहलीचें रूपांतर रुसव्यांत होण्यास वेळ लागत नाहीं.

पानशेत जवळ आलें तेव्हां पावसानें पुन्हा जोर केला. एका झोपडीच्या पडवींत आसरा घेतला. आंत एक वृद्धा चुलीपाशीं बसली होती. “भिजलीस की गं पोरी, आत ये,” असें म्हणून तिनें गुळाचा चहा ठेवला. डब्यांतील दशम्या तिच्यापुढें ठेवल्यावर बोलणें वाढलें. “आजी, तुमचं गांव हेंच का?” या प्रश्नावर तिनें दारांतून धरणाच्या पाण्याकडे हात केला. “गाव तिथं खाली. आम्ही वर सरकलो, दीर दौंडाकडं गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं बांध दिसत्यात. मी जाऊन बघून येते.” तक्रारीचा सूर तिच्या बोलण्यांत नव्हता. चहाचे पैसे तिनें घेतले नाहींत. आम्ही दोघेंहि कांहीं वेळ बोललों नाहीं. शहरांत नळ सोडतांना त्या बांधांची आठवण कोणास होते?

याच पाण्याची दुसरी आठवण पुण्यास आहे. 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें मातीचें धरण फुटलें. काम पुरतें आटोपलें नसतांनाच त्या पावसाळ्यांत पाणी अडविलें गेलें होतें, आणि भिंतीखालून पाणी नेणाऱ्या मार्गाचें काम अपुरें होतें. भिंत खचूं लागल्यावर जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून ती धरून ठेवण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यानें फुटण्याची घटका रात्रींतून दिवसांत ढकलली गेली, आणि त्यामुळें किती जीव वांचले असतील याची कल्पना करावी. तो लोंढा खालच्या खडकवासल्यास पेलला नाहीं. तें जुनें दगडी धरणहि त्याच दिवशीं फुटलें. नदीकांठच्या पेठांतील वाडेच्या वाडे जमीनदोस्त झाले. गोखलेनगरासारख्या वसाहती पूरग्रस्तांच्या निवाऱ्यासाठीं उभ्या राहिल्या. पुण्याच्या जुन्या घरांत अद्याप ‘पुराच्या आधीं’ आणि ‘पुरानंतर’ असा काळ मोजला जातो. दोन्ही धरणें पुढें पुन्हा उभीं राहिलीं, आणि आज त्यांच्याच भरंवशावर शहर आहे.

दुपारीं दोन वाजतां पाऊस ओसरला. वरसगांवचें धरण तेथून जवळच. मोसे खोऱ्यांतील शिवकालीन वीर बाजी पासलकर यांचें नांव त्या जलाशयास दिलेलें आहे. तेंहि पाहून यावें असें एकाचें मत, आणि घरीं दिलेलें वचन पाळावयाचें तर आतांच वळावें असें दुसऱ्याचें. दोन्ही बाजू योग्य होत्या. अखेर संथ चालीच्या माणसाचे पाय किती उरले आहेत हें विचारलें, त्याप्रमाणें ठरविलें आणि वरसगांव पुढील वर्षावर टाकलें. परतीच्या वाटेवर पाणी डाव्या हातास होतें, आणि कोणताच फांटा आडवा आला नाहीं. खडकवासल्याच्या कांठीं गरम कणीस खाऊन दिवे लागण्यापूर्वीं दारांत पोहोंचलों.

वाचक दांपत्यांपैकीं कोणास ही सफर करावयाची असेल, तर शेवटच्या दोन सूचना. जलाशयाच्या पाण्यांत पाय घालूं नये. कांठचा चिखल खोल असतो आणि तळ एकाएकीं उतरतो. दुसरें, पुढील खेपेस घरांतील शाळकरी मुलांस निदान खडकवासल्यापर्यंत तरी बरोबर न्यावें, आणि धरणाच्या भिंतीसमोर उभें करून 1961 ची हकीकत आजोबांच्या तोंडून ऐकवावी. ज्या घरांत तो पूर पाहिलेलीं माणसें अद्याप आहेत, त्यांनीं हें काम पुढील पावसाळ्यावर टाकूं नये.