कॉलेज सुटू देऊ नका, सोडायचंच असेल तर नीट सोडा



दुकान कसं सुरू करायचं यावर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, मी सेकंड इयरला आहे. कॉलेज सोडून धंद्यात उतरू का?" विचारणारे कधी बी.कॉम.चे असतात, कधी बी.एस्सी.चे, कधी इंजिनीअरिंगचे. दहा मिनिटांच्या व्हिडिओत याचं उत्तर बसत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मी स्वतः बीबीए केलंय आणि आज हिवरखेडात दुकानाच्या काउंटरवर बसतो. ताळेबंद वाचायला कॉलेजनं शिकवलं. ओळखीच्या गिऱ्हाईकाला उधारी कशी नाकारायची, हे मात्र कोणत्याच सेमिस्टरला नव्हतं! त्यामुळे "डिग्रीशिवाय काही खरं नाही" असंही मी म्हणणार नाही आणि "डिग्री म्हणजे नुसता कागद" असंही म्हणणार नाही. तुम्ही निर्णय कसा घेता आणि बाहेर पडताना हातात काय घेऊन निघता, त्यावर सगळं आहे.

सुटणं वेगळं, सोडणं वेगळं

आपल्या भागात कॉलेज सोडणारे कमी, कॉलेज "सुटलेले" जास्त. हे कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्याच्या शेवटी ॲडमिशन होते. रोज एसटीनं अकोटला नाही तर तेल्हाऱ्याला जायचं. कापूस वेचायला आला की घरी माणूस लागतो. आठ दिवस दांडी, मग पंधरा दिवस. एक पेपर राहतो. पुढच्या परीक्षेचा फॉर्मच भरला जात नाही. दोन वर्षांनी कोणी विचारलं की म्हणायचं, "सुटलं बाप्पा कॉलेज."

यात निर्णय कोणीच घेतलेला नसतो. अर्ज दिलेला नसतो. टीसी कॉलेजात, मूळ मार्कशीट ऑफिसच्या कपाटात, डिपॉझिट तसंच पडलेलं. मुलींच्या बाबतीत तर येण्या-जाण्याचा त्रास किंवा लग्न एवढ्यावर कॉलेज थांबतं आणि झालेल्या वर्षांचा एकही कागद घरी येत नाही.

आता दुकानदार म्हणून विचार करा. दुकान बंद करायचं ठरलं तर आपण शटर ओढून निघून जातो का? माल मोजतो, उधारी वसूल करतो, जागेचं डिपॉझिट परत घेतो. कॉलेज सोडतानाही तेच करायचं.

आधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: तुमच्या धंद्याला त्या शिक्षणाचं लायसन्स लागतं का?

किराणा, कापड, मोबाइल ॲक्सेसरीज, नाश्त्याचं दुकान, पिठाची गिरणी यांना डिग्री लागत नाही. उद्यम नोंदणी आधार नंबरवर होते. मुद्रा कर्जासाठी पदवीची अट नाही. पीएमईजीपीत उत्पादनाचा प्रकल्प 10 लाखांच्या वर किंवा सेवेचा 5 लाखांच्या वर असेल, तर किमान आठवी पास लागतं, बस.

पण आपल्या बाजारपेठेतली दोन चालणारी दुकानं बघा, कृषी केंद्र आणि मेडिकल. औषधांच्या किरकोळ विक्रीला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. कीटकनाशक विकायच्या परवान्याला कृषी किंवा विज्ञान शाखेचं ठरावीक शिक्षण लागतं, खताच्या विक्रीलाही शिक्षणाची अट आहे. आधीपासून कृषी केंद्र चालवणाऱ्यांनाही हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा 'देसी' हा एक वर्षाचा डिप्लोमा करावा लागला, तो याच कारणानं. तेव्हा डी.फार्म. किंवा बी.एस्सी. ॲग्री अर्धवट टाकून "कृषी केंद्र टाकतो" म्हणणारा पोट्टा स्वतःच्या दुकानाची किल्लीच विहिरीत फेकतोय. तुमचा धंदा या यादीतला असेल तर इथेच थांबा आणि कोर्स पूर्ण करा.

दुसरा प्रश्न: विक्री सुरू झाली आहे का?

कॉलेज सोडून मोठे झालेल्यांच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. मायकेल डेलचं नाव त्यात असतंच. पण क्रम नीट बघा. टेक्सास विद्यापीठात शिकताना तो होस्टेलच्या खोलीतून कॉम्प्युटर सुधारून विकत होता. 1984 मध्ये, 19 व्या वर्षी त्यानं कॉलेज सोडलं, तेव्हा गिऱ्हाईक दारात उभं होतं. आधी गिऱ्हाईक, मग निर्णय.

तुम्हीही दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत धंदा करून बघा. आठवडी बाजारात बसा, घरून ऑर्डर घ्या. वहीत रोज तीन आकडे लिहा: विक्री, मालाचा खर्च, हातात उरलेले पैसे. दोन सुट्ट्यांची वही भरली की ती वही तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला सल्ला देईल.

तिसरा प्रश्न: कॉलेज सोडून नेमकं काय वाचणार आहे?

वेळ वाचणार असेल, तर पूर्ण सोडण्याआधी मुक्त विद्यापीठ बघा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून याच कामासाठी आहे आणि त्याचं विभागीय केंद्र अमरावतीला आहे. दुकान सांभाळून बी.कॉम. करता येतं. घरून शिलाई किंवा पापड-मसाल्याचं काम करणाऱ्या तायांसाठी तर हा मार्ग फार सोयीचा आहे.

पण फक्त एका अवघड विषयापासून सुटका हवी असेल, तर भाऊ, धंद्यात रोजच परीक्षा आहे आणि तिथे एटीकेटी मिळत नाही.

सोडायचं ठरलं, तर तारीख बघा

आता पैशाचा भाग. फी परत मिळते हेच अनेकांना माहीत नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2018 च्या अधिसूचनेत टप्पे ठरवून दिले आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 किंवा जास्त दिवस आधी अर्ज दिला तर थोडी प्रक्रिया फी कापून पूर्ण रक्कम, 15 पेक्षा कमी दिवस आधी दिला तर 90 टक्के. शेवटच्या तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80 टक्के, 16 ते 30 दिवसांत 50 टक्के. 30 दिवस उलटले की शून्य. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत मिळते.

गणित करा. समजा फी 24,000 भरली आहे. शेवटच्या तारखेनंतर दहाव्या दिवशी अर्ज दिला तर 19,200 परत. विसाव्या दिवशी 12,000. चाळीसाव्या दिवशी काहीच नाही. "बघू, दिवाळीनंतर ठरवू" या एका वाक्याची किंमत 19,200 रुपये! छोट्या दुकानात तेवढ्यात पहिला माल भरतो.

काही वर्षी यूजीसीनं याहून जास्त सवलत दिली आहे. 2024-25 साठी 30 सप्टेंबर 2024 पर्यंत पूर्ण फी आणि 31 ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त 1000 रुपये कापून बाकी परत, असं सांगितलं होतं. तेव्हा तुमच्या वर्षाचं परिपत्रक बघा. सीईटीच्या कॅप फेरीतून प्रवेश असेल तर रद्द करायची पद्धत आणि तारीख वेगळी असते, ती सीईटी सेलच्या वेबसाइटवर बघा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट. मूळ मार्कशीट आणि टीसी तपासून परत द्यायची असते, कॉलेजला ती अडवून ठेवता येत नाही, हेही त्याच अधिसूचनेत आहे. लेखी अर्ज मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे परत द्यायचे असतात. तोंडी सांगू नका. दोन प्रतींत अर्ज द्या आणि एका प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. दाद लागली नाही तर यूजीसीच्या 'ई-समाधान' पोर्टलवर तक्रार करता येते.

शिष्यवृत्ती घेत असाल तर आणखी जपून. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत, वर्षाच्या मधेच शिक्षण सोडलं तर रक्कम परत मागता येईल अशी तरतूद आहे. म्हणून शक्यतो वर्ष संपवून, परीक्षा देऊनच बाहेर पडा.

झालेलं शिक्षण वाया घालवू नका

नव्या शैक्षणिक धोरणाचा इथे मोठा फायदा आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. सारख्या कोर्सचं पहिलं वर्ष पूर्ण पास झालं आणि सोबत चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स केला, तर बाहेर पडताना प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनी पडलात तर डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत कोर्स पूर्ण करायचा असतो. तुमचे क्रेडिट 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' मध्ये जमा राहतात. तुमचा एबीसी आयडी डिजिलॉकरवर काढलेला आहे ना, आणि त्यात क्रेडिट दिसतात ना, हे सोडण्याआधी बघा.

एक लक्षात ठेवा. विषय राहिले असतील तर हे प्रमाणपत्र मिळत नाही. दोन पेपरसाठी पूर्ण वर्ष पाण्यात घालू नका. ते काढा, कागद घ्या, मग निघा.

किर्लोस्करांनी काय सोडलं, काय सोबत नेलं

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मराठी माणसाचंच आहे. बेळगाव जिल्ह्यातले लक्ष्मणराव किर्लोस्कर 1885 च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. पुढे कळलं की त्यांना काही रंगांमधला फरक दिसत नाही. चित्रकला सोडावी लागली. पण सगळं टाकून ते गावी परतले नाहीत. यंत्रांच्या आकृत्या काढायला रंग लागत नाहीत, म्हणून ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले. त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मग भावासोबत बेळगावात सायकलचं दुकान, पुढे कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी.

नांगर बनवणाऱ्या माणसाला आकृती काढता येत होती, ती त्या कॉलेजच्या दिवसांमुळे. रंग सुटले, रेषा त्यांनी सोबत नेली. तुमच्या अर्धवट कोर्समधली "रेषा" कोणती? अकाउंट्स, टॅली, मातीची माहिती, इंग्रजीत मेल लिहिणं? ती ओळखा आणि धंद्यात वापरा.

घरी कसं सांगायचं

"मला शिकायचं नाही" असं म्हणत बापापुढे उभं राहू नका. त्यानं कापूस विकून फी भरली आहे. हातावर भाकर घेऊन खा पण पोरांना शिकवा, असं गाडगेबाबा कीर्तनातून सांगत फिरले, त्या मुलखातली ही माणसं आहेत. त्यांना शब्द पटणार नाहीत, आकडे पटतील. दोन सुट्ट्यांची वही समोर ठेवा. किती फी परत येईल, कोणतं प्रमाणपत्र मिळेल, पदवी कधी आणि कुठून पूर्ण करणार, हे एका पानावर लिहून द्या. आणि धंदा कोणत्या महिन्यापर्यंत जमला नाही तर परत प्रवेश घेणार, ती तारीखही त्यात टाका.

हे पान लिहिता येत असेल, तर तुम्ही कॉलेज नीट सोडू शकता. लिहिता येत नसेल, तर उद्या सकाळची एसटी पकडा, लेक्चरला बसा आणि दिवाळीच्या सुट्टीत वही सुरू करा. वही कशी आखायची, तो व्हिडिओ चॅनलवर आहेच.