दोन दिवसांत गुडघे मोकळे करणारी पुडी

तिवस्याहून बोलतोय. ज्यांना ऐकायला सवड नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर.

या आठवड्यात एकच प्रश्न फिरून फिरून आला. "मायचे गुडघे लय दुखतात. बाजारातून जडीबुटीची पुडी आणली, दोन दिवसांत चालायला लागली. चालू ठेवू का?" उत्तर आधीच देतो: दोन दिवसांत जादू झाली, म्हणूनच त्या पुडीवर संशय घ्या.

का? स्वयंपाकघरातलं काहीच सूज इतक्या झपाट्यानं उतरवत नाही. हळदच घ्या. तिच्यात सूज कमी करणारं कुरकुमिन असतं, पण साधारण ३ टक्के. म्हणजे चमचाभर, ३ ग्रॅम हळदीत जेमतेम ९० मिलिग्रॅम. सांधेदुखीच्या चाचण्यांत रोज ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अर्क देतात, तोही काही आठवडे. जास्त कुरकुमिनसाठी नावाजलेली वायगावची हळद घेतली, तरी हिशेब फार बदलत नाही. आपल्या वऱ्हाडची जवसाची चटणी? उत्तमच! जवसात ओमेगा-३ आहे. पण माशात मिळणाऱ्या प्रकारात शरीर त्याचा थोडाच भाग बदलू शकतं. रोज खा, मात्र औषध समजू नका.

मग पुडीत काय असतं? अनेकदा गुपचूप मिसळलेलं स्टेरॉइड. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ मध्ये 'आर्ट्री किंग' नावाच्या सांधेदुखीच्या गोळ्यांबद्दल इशारा दिला. लेबलवर न लिहिलेले डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक त्यात सापडले होते. स्टेरॉइड महिनोन्‌महिने पोटात गेलं की चेहरा सुजतो, साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच दिवसांपासून पुडी चालू असेल तर ती एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. अचानक तोडलं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं, जिवावरही बेतू शकतं. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरकडे जा. किती दिवसांपासून चालू आहे, हे न लपवता सांगा.

आहारानं काय होतं, ते दुखणं कोणतं यावर आहे.

पायऱ्या चढता-उतरता, उकिडवं बसता गुडघा दुखतो, तर बहुधा झीज. इथं वजन कामाचं. वजन जास्त असलेल्यांमध्ये १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोनं हलका होतो. सोबत मांडीचे व्यायाम करा.

रात्री अचानक पायाचा अंगठा लालबुंद सुजला, तर यूरिक ॲसिड तपासा. दारू, कलेजी आणि गोड कोल्ड्रिंक कमी करा. वरण बंद करायची घाई नको. डाळींसारख्या वनस्पतींतल्या प्युरिनमुळे हा आजार वाढत असल्याचं मोठ्या अभ्यासात दिसलेलं नाही.

सकाळी दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली, सुजलेली राहतात? मग आमवात असू शकतो. तिथं उशीर केला की सांधे वाकडे होतात. चटणी-काढ्यावर महिने घालवू नका, लवकर डॉक्टर गाठा.

वरून गरम शेक चालतो, एरंडाचं कोमट पान बांधलं तरी हरकत नाही. पण बिब्ब्याचा चटका नको. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात. शुगरवाल्या माणसाची जखम मग चिघळते.

आज घरी गेलात की आईच्या, आजीच्या उशाखालची पुडी एकदा बघा. त्यावर घटक लिहिलेत का? बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक आहे का? काहीच नसेल तर तिला रागावू नका. सोबत घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा. आणि हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!