झिजलेले दांत व त्यांची पुनर्रचना

मानवी शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ कोणता, असें विचारल्यास पुष्कळ विद्यार्थी 'हाड' असें उत्तर देतील. परंतु हा मान दांतावरील शुभ्र कवचाचा, म्हणजे दंतवल्काचा आहे. वजनानें त्याचा सुमारें ९६ टक्के भाग खनिज असतो. मात्र तें घडविणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येतांच नाहींशा होतात. म्हणून मोडलेलें हाड सांधतें, पण झिजलेलें दंतवल्क पुन्हां वाढत नाहीं.

झोपेंत दांत खाणें, आंबट पेयें वारंवार पिणें व खरखरीत पदार्थानें जोरानें घासणें हीं झिजेचीं मुख्य कारणें होत. दांत वेडेवांकडे असल्यास चावण्याचा भार मोजक्याच दांतांवर पडूं शकतो.

झिजलेला दांत स्वस्थ बसत नाहीं. समोरच्या दांताशीं गांठ पडावी म्हणून तो हिरडीसह हळूहळू पुढें सरकतो. त्यामुळें त्यास पूर्वीची उंची देण्यास जागाच उरत नाहीं. अशा वेळीं दंतवैद्य आधीं तारेचा उपचार योजितात. तारेच्या हलक्या पण सतत दाबानें दांताच्या पुढील हाड विरतें, मागें नवें भरतें, आणि दांत महिन्यास सुमारें एक मिलिमीटर सरकून इष्ट जागीं जातो.

तार निघाली म्हणजे काम संपलें काय? नाहीं. दांत रांगेंत आले तरी त्यांच्या कडा आंखूडच असतात, आणि वरखालचे दांत नीट मिळाल्यावांचून घास बरोबर चावला जात नाहीं. १९५५ सालीं अमेरिकन दंतवैद्य मायकेल ब्युओनोकोर यांनीं दाखविलें कीं, दंतवल्कावर फॉस्फरिक आम्ल लावल्यास राळेसारखा पदार्थ त्यास घट्ट चिकटतो. त्याच तत्त्वावर आज दांत फारसा न कोरतां झिजलेल्या कडांवर रेझिनचा भर घालतात; कोठें चिनी मातीचें कवच बसवितात. मग रंगीत कागद चावावयास देऊन उंच राहिलेल्या जागा शोधतात व त्या घासून सारख्या करतात. दांत मूळ जागीं परतूं नयेत म्हणून पुढें रिटेनर वापरावा लागतो, आणि दांत खाण्याची संवय असल्यास रात्रीं संरक्षक पट्टीही लावावी लागते.

पालकांनीं तार बसविण्यापूर्वींच हा सर्व क्रम दंतवैद्यास विचारून घ्यावा. विद्यार्थ्यांनीं आंबट पेयानंतर लगेच दांत न घासतां पाण्यानें चूळ भरावी. गेलेलें दंतवल्क कोणताही कारागीर जसेंच्या तसें परत देऊं शकत नाहीं. असलेलें राखणें मात्र प्रत्येकाच्या हातीं आहे.