समृद्धीचे नगरी तीस किलोमीटर

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाची लांबी 701 किलोमीटर. त्यातले आपल्या नगर जिल्ह्याच्या वाट्याला आले जेमतेम तीस, आणि तेही सगळे एकट्या कोपरगाव तालुक्यात. वैजापूरकडून येणारा हा रस्ता धोत्रे-भोजड्याच्या बाजूने जिल्ह्यात शिरतो, संवत्सर-कोकमठाणच्या टापूत गोदावरी ओलांडतो, नगर–मनमाड रस्त्याला आडवा जातो आणि जेऊर कुंभारी, डाऊच, चांदेकसारे मागे टाकत सिन्नरकडे निघून जातो. ताशी 120 च्या वेगात गाडीला पंधरा मिनिटे पुरतात. जामखेड-राहुरीच्या माणसाने म्हणावे, यात आपला काय संबंध? संबंध आहे, तो शेवटी येईल.

31 जुलै 2015 रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात या रस्त्याची घोषणा केली. काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे गेले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग याच महामंडळाने बांधला होता, पण तो शंभर किलोमीटरच्याही आतला. इथे दहा जिल्हे, 26 तालुके आणि 392 गावे ओलांडायची होती. जुना रस्ता रुंद करायचा म्हटला की प्रत्येक गावाची बाजारपेठ आडवी येते, म्हणून कोऱ्या जमिनीवरून नवीनच रेघ ओढायचे ठरले. उपग्रहचित्रे, ड्रोन आणि लायडार या लेसर-मोजणीने आखणी झाली. सरकारी भाषेत याला ग्रीनफिल्ड म्हणतात. आकाशातून शेत हिरवेच दिसते. ते कोणाचे आहे आणि त्याला पाणी कुठून येते, हे वरून दिसत नाही.

महामार्गाची रुंदी 120 मीटर. म्हणजे एका किलोमीटरला बारा हेक्टर, तीस एकर. तीस किलोमीटरला साधारण नऊशे एकर, इंटरचेंजची जागा वेगळी. आणि ही जमीन साधी नव्हे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दारणा धरण झाले, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावे-उजवे कालवे निघाले आणि दुष्काळाला सरावलेल्या कोपरगाव-राहात्याचे दैव फिरले. ऊस आला, मागोमाग कारखाने आले. त्या कालव्यांच्या चाऱ्या, पोटचाऱ्या, त्यांवरून शंभर वर्षांत पडत गेलेल्या वाटा आणि नदी-विहिरींवरून मैल-मैल नेलेल्या खासगी पाइपलाइनी असे सगळे जाळे या मातीत आहे. नवी रेघ नेमकी त्यावरून गेली.

सुरुवातीला सरकारने जमीन विकत मागितलीच नाही. आंध्रात अमरावती राजधानीसाठी वापरलेली एकत्रीकरणाची कल्पना इथे आणली. शेतकऱ्याने जमीन द्यायची. बदल्यात जिरायतवाल्याला 25 आणि बागायतवाल्याला 30 टक्के विकसित बिनशेती भूखंड मिळायचा, शिवाय दहा वर्षे दरसाल हेक्टरी ठरावीक रक्कम. जिरायतीला 50 हजार, बागायतीला एक लाख, वर्षाला दहा टक्के वाढ. भूखंड मिळणार होते रस्त्याकाठच्या नवनगरांत, ज्यांना पुढे कृषी समृद्धी केंद्रे म्हटले गेले. योजना कागदावर वाईट नव्हती. पण दोन एकर उसाच्या जोरावर पोरांची शिक्षणे करणाऱ्या माणसाला, अजून न वसलेल्या नगरातला प्लॉट हा बदला वाटावा तरी कसा? नवनगरे बहुतेक ठिकाणी आजही नकाशातच आहेत, तेव्हा त्याचा व्यवहार कच्चा होता असे कोणी म्हणू नये.

2017 साल तापलेले होते. शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या शिवड्यात शेतकऱ्यांनी झाडांना फास टांगून मोजणीला विरोध केला. त्याच उन्हाळ्यात कोपरगावला लागून असलेल्या, राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संपाची हाक निघाली आणि 1 जूनपासून राज्यभर दूध-भाजीपाल्याच्या गाड्या थांबल्या. संपाचा विषय कर्जमाफी आणि हमीभाव. पण समृद्धीची मोजणी ज्या शिवारांत चालली होती, तिथला माणूस त्या वर्षी कोणत्या मनःस्थितीत होता हे त्यावरून कळते. सरकारने मग सूर बदलला. एकत्रीकरण मागे पडले आणि थेट खरेदीचे दर जाहीर झाले.

या दरांमुळेच रस्ता झाला. हिशेब असा: समजा, सरकारी मूल्यांकनाने जमिनीची किंमत दहा लाख निघाली. ग्रामीण भाग म्हणून तिची दुप्पट, वीस. त्यावर तितकीच दिलासा रक्कम, चाळीस. संमतीने खरेदीखत करून दिले तर आणखी 25 टक्के, एकूण पन्नास. म्हणजे पाचपट. झाडे, विहिरी, घरे, पाइपलाइन यांचे मूल्यांकन वेगळे. एवढा पैसा तालुक्यात यापूर्वी जमिनीपोटी आलेला नव्हता. विरोध बऱ्याच अंशी मावळला, तो भाषणांनी नव्हे, या आकड्याने. मोजणीच्या दिवशी मात्र घरोघरी वेगळीच लढाई चालली. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, खाली नातवंडांचे तोंडी वाटप. कोणाची विहीर कोणाच्या पोटहिश्श्यात, डाळिंबाची झाडे थोरल्याची की धाकट्याची, बहिणींनी हक्कसोड केलेला आहे का. पिढ्यान्‌पिढ्या न झालेल्या वाटण्या काही महिन्यांत कराव्या लागल्या. त्या पैशातून बंगले उठले, दुसरीकडे जमिनी घेतल्या गेल्या, काही भाऊ अजून कोर्टात भेटतात.

बांधकामासाठी 701 किलोमीटरचे सोळा टप्पे पाडले होते. नगर जिल्ह्याचा टप्पा लांबीने लहान, पण जमीन चिवट. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात घालावा एवढी भेगाळते. तिच्यावर काँक्रीट अंथरले तर दोन वर्षांत पाट्या तडकतील. म्हणून आधी वरची काळी माती काढायची, मग मुरमाचा भराव थराथराने टाकायचा. प्रत्येक थरावर पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, घनता तपासायची, तेव्हा कुठे पुढचा थर. त्यावर खडीचा, पाणी झिरपून जाऊ देणारा थर, मग कमी सिमेंटचे कोरडे काँक्रीट आणि सगळ्यात वर पेव्हर यंत्राने सलग ओतलेली मुख्य पाटी. एका बाजूला तीन मार्गिका आणि मजबूत साईडपट्टी, मध्ये पुढेमागे रस्ता वाढवता येईल इतका रुंद दुभाजक. डोळ्यांना दिसते ते काँक्रीट. खरा खर्च आणि खरी कारागिरी खालच्या मुरमात.

तो मुरूम आणायचा कुठून? दिवसरात्र हायवा डंपर पळाले, गावांतले रस्ते उखडले, कडेच्या पिकांवर धूळ बसली. त्या काळात तालुक्यातल्या निवेदनांत हाच विषय असे. पण एक गोष्ट डोके लावून केली गेली. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते म्हणून कोपरगाव शहर प्रसिद्ध होते. त्याच्या येसगाव इथल्या पाच नंबर साठवण तलावाचे सुरुवातीचे खोदकाम समृद्धीच्या ठेकेदार कंपनीकडून करून घेतले गेले. माती रस्त्याला गेली, खड्डा शहराला मिळाला. सरकारी कामात दोन खात्यांच्या गरजा अशा एकमेकींत बसलेल्या क्वचित दिसतात. अशी आणखी तळी का खोदली गेली नाहीत, हे विचारायला हवे होते.

2019 च्या डिसेंबरात महामार्गाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा निर्णय झाला. 11 डिसेंबर 2022 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा खुला केला. शिर्डी म्हणजे प्रत्यक्षात कोकमठाणचा इंटरचेंज. 26 मे 2023 ला पुढचा, भरवीरपर्यंतचा 80 किलोमीटरचा टप्पा सुरू होईपर्यंत कोपरगाव हेच महामार्गाचे टोक होते. विदर्भातून ताशी 120 ने आलेली वाहने टोल भरून खाली उतरायची आणि नगर–मनमाडच्या खड्ड्यांत पहिला गियर टाकायची. मार्च 2024 मध्ये इगतपुरी आणि 5 जून 2025 ला आमणेपर्यंतचा शेवटचा तुकडा, त्यातल्या सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यासह, खुला झाला. या रस्त्याने माणसेही पुष्कळ घेतली: 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 प्रवासी गेले, महिनाभरात शहापूरला गर्डर कोसळून वीस कामगार, ऑक्टोबरात वैजापूर हद्दीत बारा भाविक. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो, हे ट्रकचालक पहिल्यापासून सांगत होते.

माझ्या मते, कोपरगावातल्या समृद्धीचा निकाल वरच्या वेगावरून लावू नये. तिच्या खालून काय जाते ते पाहावे. रस्ता उंच भरावावर आहे, दोन्ही बाजूंना कुंपण आहे, दुचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी आहे. ज्याची जमीन अलीकडे-पलीकडे अशी दुभागली, त्याला ट्रॅक्टर घेऊन बोगद्यापर्यंत वळसा घालावा लागतो. लोक अंडरपासला बोगदाच म्हणतात. पावसाळ्यात त्यात पाणी तुंबले की वळसा आणखी लांबतो. पूर्वी शेतातून पसरून जाणारे पावसाचे पाणी आता मोरीच्या तोंडाशी गोळा होते आणि समोर ज्याचे शेत असेल त्याच्या बांधावरून जाते. जमिनीचा दर खरेदीखतात आला. शिवरस्ता, चारी आणि पाइपलाइन यांचे आश्वासन बहुधा तोंडी राहिले. पाचपट दर मिळवणाऱ्या गावांनी दीड फुटाच्या पाइपची जागा लिहून घेतली नाही, हा या व्यवहारातला मोठा कच्चा दुवा.

हे आता सांगायचे कारण, सुरत–चेन्नई ग्रीनफिल्ड मार्गाची रेघ राहुरी, नगर, जामखेडच्या शिवारांतून आखलेली आहे. मोजण्या आणि नोटिसांच्या फेऱ्या तिकडे होऊन गेल्या, काम रेंगाळले आहे. पण रेघ पुसलेली नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी एक दिवस काढून कोकमठाण-चांदेकसाऱ्याला यावे आणि रस्त्यावर न चढता त्याच्या खालून हिंडावे. परत गेल्यावर ग्रामसभेत चारीचा नकाशा, पाइपलाइनींच्या जागा आणि शिवरस्त्यांची यादी ठरावाला जोडून घ्यावी, बोगद्याची उंची उसाच्या भरल्या ट्रॉलीवरून मोजून लिहावी, आणि त्यावर सक्षम अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय खरेदीखताला बसू नये. दराची घासाघीस नंतरही करता येते. भराव पडल्यावर पाइप टाकता येत नाही.