अठरा टन आणि बॅटरीच्या मेणबत्त्या

मेणबत्त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आल्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या, तळाशी छोटं बटण. शरणपूर भागातल्या त्या जुन्या दगडी चर्चमध्ये दोन मुलं त्या खिडक्यांत आणि वेदीच्या पायऱ्यांवर मांडत होती. तिसरा एकेक ‘पेटवून’ बघत होता. छपराला जुनं लाकूड, त्यामुळे खऱ्या ज्योतीला कमिटीची परवानगी नाही. ते बरोबरच आहे. पण कार्यक्रमाच्या जाहिरातीवर ज्योत मात्र खरी होती.

मीही त्या जाहिरातीला भुलूनच गेले. नाशकात नाताळाच्या आधी तिकीट काढून पियानो ऐकायला माणसं येतात, याचंच नवल वाटलं होतं. तयारी बघू म्हणून दुपारीच पोचले. आत शिरताच वास आला तो मेणाचा नव्हे, डांबरगोळ्यांचा. उभ्या पियानोचं पुढचं झाकण काढून भिंतीला टेकवलं होतं आणि साठी ओलांडलेले एक गृहस्थ आतून गोळ्या वेचून रुमालात बांधत होते. आतल्या लोकरी नमद्याला कसर लागू नये म्हणून कोणीतरी वर्षानुवर्षं त्या टाकत आलं होतं.

पियानो मिळवायला आलेले हे काका वसईचे. पहाटे निघून तपोवन एक्सप्रेसने आलेले. “ह्या सगळ्या तारा मिळून किती ओढतात सांगा,” त्यांनी मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं, “अठरा टन. बिडाची चौकट आहे म्हणून उभा आहे, नाहीतर लाकूड कधीच फाटलं असतं.” पट्ट्या अठ्ठ्याऐंशी, पण तारा सव्वादोनशेच्या आसपास, कारण वरच्या स्वरांना तीन-तीन तारा असतात. हातोडी त्या तिन्हींवर एकदम पडते. तिन्ही एकजीव असल्या तर एकच स्वर. नसल्या तर त्या स्वरात लाटा उठतात, वां-वां-वां. काका दोन तारांत नमद्याची पट्टी खोचून गप्प करतात, तिसरीच्या खुंटीवर किल्ली बसवून किंचित वळवतात आणि पियानोची पट्टी अशी जोरात हाणतात की मेणबत्त्या मांडणारी मुलं दचकतात. हळू वाजवून मिळवलेली तार कार्यक्रमात पहिल्या जोरकस आघाताला सरकते, म्हणून आधीच हाणून घ्यायची.

स्वरकाटा कानाशी धरून त्यांनी सुरुवात केली, सेकंदाला ४४० कंपनं. पुढचं सगळं कानाने. मला वाटत होतं की ते प्रत्येक स्वर शुद्ध करत चाललेत. प्रत्यक्षात चाललं होतं उलटंच. पंचम अगदी स्वच्छ लागायचा, लाट थांबायची, आणि मग काका तो जाणूनबुजून केसभर उतरवायचे.

“लागला होता की!” मी म्हटलं.

“लागला होता. म्हणून तर सोडवला.”

हिशेब असा आहे. शुद्ध पंचमांच्या पायऱ्यांनी बारा वेळा चढत गेलं, तर सात सप्तकांनंतर मूळ स्वर भेटायला हवा. तो भेटत नाही. जवळपास पाव अर्धस्वर वर निसटतो. हा फरक बारा पंचमांत सारखा वाटून टाकायचा. पंचमाला त्यातली जेमतेम झळ लागते. गांधार मात्र चांगलाच चढा राहतो. तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधाराशी तो जुळत नाही. हार्मोनियमचंही हेच दुखणं. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, त्यामागे न हलणाऱ्या स्वरांची तक्रारही होती.

हे सगळं मला कळलं ते गायनमंडळातल्या एका मावशींमुळे. कार्यक्रमाच्या शेवटी पियानोबरोबर ना. वा. टिळकांचं एक भजन गायचं होतं. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीत आणली आणि मराठी चर्चमधून ती पेटी-तबल्यावर, झांजेवर रुळली. चार ओळी गाऊन मावशी थांबल्या. “भाऊ, तुमचा गांधार चढतोय.”

आता काका चिडणार, असं मला वाटलं. त्यांनी किल्ली खाली ठेवली. “चढाच आहे तो, बाई. तुमचा बरोबर आहे. पण तुमच्यासाठी तो उतरवला तर बाकीचा कार्यक्रम बोंबलेल.” मग त्यांनी तोडगा दिला: भजनाला पियानोने फक्त षड्ज-पंचम धरायचा, गांधाराला हात लावायचा नाही.

शरणपूर ही वस्ती एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या आश्रमात शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. त्या काळी इथे संध्याकाळची उपासना दिव्या-मेणबत्त्यांवर व्हायची ती दुसरा उजेडच नव्हता म्हणून. आता हौसेचा अंधार करतात. माझी त्याला हरकत नाही, पण कार्यक्रम सुरू होताना निवेदिकेने प्रायोजकांसकट सजावट करणाऱ्यांचंही नाव घेतलं आणि पियानो मिळवणाऱ्याचं घेतलं नाही, याला आहे.

काका शेवटच्या बाकावर स्वेटर घालून बसले होते. बाहेर निफाडकडून येणारी थंडी, आत दारं लावून बसलेली शे-दोनशे माणसं. तापलेली तार उतरते. संगीतकार लिस्टची नाताळच्या झाडावरची रचना चालू असताना वरचा एक स्वर पुन्हा लाटा घेऊ लागला. काकांचा चेहरा बघितला नसता तर मला कळलंही नसतं. मध्यंतरात लोक वेदीपुढे फोटो काढत होते, तेव्हा त्यांच्या कोपरांमधून वाट काढत ते पियानोशी गेले, दोन खुंट्या वळवून परत आले. “अठरा टन,” बसता बसता मला म्हणाले, “आणि ह्यांना वाटतं फर्निचर आहे.”

भजनाची पहिली दोन कडवी ठरल्याप्रमाणे झाली. खाली षड्ज-पंचम, वर बायकांचा मोकळा गांधार. संध्याकाळभरात मला खरं सुरेल वाटलं ते एवढंच. तिसऱ्या कडव्याला वादक रंगात आला आणि त्याने भरगच्च स्वरमेळ धरले. मावशींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, गांधार चढवून घेतला आणि गाणं पुरं केलं.

काकांचा मुक्काम ओळखीच्या घरी होता. सकाळी देवळालीला जायचं होतं, तिथल्या एका घरच्या पियानोत उंदरीण व्यालेली. नमदा कुरतडून तिने हातोड्यांमागे घरटं केलंय म्हणे. डांबरगोळ्यांचा रुमाल त्यांनी पिशवीत टाकला आणि रिक्षा कुठे मिळेल ते विचारलं.